आधी बिघडवून दाखवा

अलका वाघमोडे मॅडमना कुणी फोन करून ‘कॉम्प्युटर बिघडलाय’ असं सांगितलं, की त्या लगेच उठत नसत. हातातलं काम संपवायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, पेन्सिलींच्या पाउचमध्ये स्क्रू-ड्रायव्हर आहे ना ते चाचपायच्या आणि मग निघायच्या. आमच्या इमारती टेकाडावर पसरलेल्या होत्या, त्यामुळे कुठेही जायचं तर पायऱ्या. गुडघे दुखायचे त्यांचे. धापा टाकत दारात पोचल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, ‘‘आधी मला बिघडवून दाखवा.’’

लोक चिडायचे. ‘‘अहो मॅडम, सांगतोय ना, बंद पडतो म्हणून!’’

‘‘होय की. पण कसा पडतो ते बघू दे.’’

पौड सोडून मुळशीच्या वाटेला लागलं की डाव्या हाताच्या एका टेकाडावर ही संस्था होती. गावोगावच्या मुलामुलींना सहा-सहा महिने ठेवून घेऊन ऑफिसचं कामकाज शिकवायचं, असं तिचं स्वरूप. मी परभणीहून नोकरीसाठी आलेली, ग्रंथालयात होते. मॅडम मंगळवेढ्याच्या. संस्थेतले चाळीस-पंचेचाळीस कॉम्प्युटर त्यांच्या एकटीच्या जिवावर चालायचे. नोकरी करारावरची, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. पिरंगुटला एका शेतकऱ्याने बांधलेल्या खोल्यांपैकी एका खोलीत त्या राहायच्या. मुलगी सोलापूरला शिकत होती. घरचं याहून जास्त त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

या कामात कशा आल्या ते मात्र एकदा डबा खाताना सांगितलं होतं. त्या टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. टायपिंगची मशिनं गेली, चार कॉम्प्युटर आले. पहिल्याच आठवड्यात एक बंद पडला. मालकाने विचारलं, हा उघडून कोण बघतंय? ‘‘बाकीचे सगळे मागं सरकले. मी जिथं होते तिथंच उभी राहिले, म्हणून पुढं दिसले,’’ मॅडम म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत दाबत राहिल्या.

माझी त्यांची ओळखही अशाच एका बिघाडातून झाली. ग्रंथालयातला कॉम्प्युटर रोज सकाळी मधेच बंद पडायचा. मी नवी होते, माझंच काहीतरी चुकतंय म्हणून घाबरले होते. मॅडम आल्या, कॉम्प्युटरच्या पाठीवर तळवा ठेवला, आजारी माणसाचा ताप बघावा तसा, आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मशीन छान चालत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘मॅडम, तुमचा वेळ वाया जातोय.’’

‘‘जाऊ दे. बसायला मिळालंय.’’

अकराच्या सुमाराला पडदा काळा झाला. मॅडम उठल्या, पण कॉम्प्युटरकडे नाही, शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे शिपायाने साहेबांच्या चहासाठी नुकतीच विजेची किटली लावली होती. दोन्ही खोल्या एकाच लायनीवर होत्या. किटलीची जागा बदलली आणि माझा कॉम्प्युटर पुन्हा कधी तसा बंद पडला नाही. जाताना मला म्हणाल्या, ‘‘तुझं काही चुकत नव्हतं. घाबरत जाऊ नकोस.’’ दोन वाक्यं, पण त्या नव्या जागी तोवर मला एवढंही कुणी म्हटलं नव्हतं.

‘होऊन जाईल’ असं त्या कधी म्हणत नसत. ‘बघते’ म्हणायच्या. टिपणं करायला त्यांच्याकडे जुन्या टेबल कॅलेंडरची पाठकोरी पानं असायची. मशीनमध्ये स्वतः काही लिहून ठेवलं, तर त्या फाईलच्या पहिल्या ओळीत आपलं नाव आणि तारीख घालायच्या. मी विचारलं, कशाला? ‘‘मागाहून कुणाला शिव्या घालायच्या असल्या, तर नाव नको?’’

संस्थेचे प्रशासन अधिकारी देसाई साहेब. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत असायचा. ‘‘मॅडम, तुम्हाला फार वेळ लागतो हो,’’ असं ते चारचौघांत बोलायचे. मॅडमच्या चेहऱ्यावर एक कायमचा शिणवटा होता, आणि असलं बोलणं त्या शिणवट्यातच कुठेतरी मुरून जायचं.

ज्या प्रसंगामुळे मला त्या आजही आठवतात, तो सप्टेंबरातला. पाऊस ओसरला होता, पण टेकाडावर ओल होती, पुस्तकांना बुरशी धरत होती. वसतिगृहातली दोन मुलं आजारी पडली, मग आणखी चार, आणि बघता बघता नऊ जण. कावीळ. पालकांचे फोन सुरू झाले, कुणी गाडी करून येऊन मुलीला घेऊन गेलं. पाण्याचे नमुने तपासायला नेले. आणि देसाई साहेबांनी वसतिगृहाच्या पाण्याच्या टाक्यांची नोंद मागवली.

टाक्यांचं काम बबनराव बघायचे. ते इथल्याच खालच्या वाडीचे. संस्थेला ज्यांची जमीन गेली त्या घरांतल्या एकेकाला काम मिळालं होतं, त्यांतले ते. रोज सकाळी टाकीवर चढायचं, पाणी बघायचं, औषध टाकायचं. पूर्वी याची नोंद वहीत व्हायची. त्या वर्षी पुण्याच्या कुणा कंत्राटदाराकडून सगळं कॉम्प्युटरवर आणलं होतं. वसतिगृहाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायचं, त्यावरचं हिरवं बटण दाबायचं, झाली नोंद. बबनरावांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मॅडमनी सुरुवातीलाच त्यांचं नाव आणि पासवर्ड एकदा घालून ‘लक्षात ठेव’च्या चौकोनात खूण करून दिली होती. पुढे नुसतं बटण दाबायचं.

नोंदीचा कागद छापून आला. ऑगस्टच्या मध्यापासून पुढे बबनरावांची एकही नोंद नव्हती.

देसाई साहेबांनी मॅडमना बोलावलं. मी पुस्तकांच्या बुरशीचं काहीतरी मागायला तिथेच गेले होते. टेबलावर बबनरावांना कामावरून काढण्याचं पत्र टाईप होऊन पडलं होतं.

‘‘ही नोंद बरोबर आहे, एवढं लिहून सही द्या. सोमवारी समितीपुढे ठेवायचंय.’’

‘‘बघते,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘बघायचं काय त्यात? कॉम्प्युटरमधूनच काढलंय.’’

‘‘म्हणूनच बघते, साहेब.’’

वसतिगृहाच्या ऑफिसात बबनराव भिंतीला टेकून उभे होते. पन्नाशीचा, काटक माणूस.

‘‘मॅडम, देवाशपथ सांगतो, मी रोज टाकीवर जातुया. हितं यिऊन बटान बी दाबतुया. आन् साहेब म्हंत्यात, तू दाबलंच न्हाईस.’’

‘‘आधी मला दाखवा. रोज करता तसंच करायचं. मी मधी बोलणार नाही.’’

बबनराव खुर्चीच्या कडेला बसले. एका बोटाने, अगदी जपून, त्यांनी पान उघडलं. हिरवं बटण दाबलं. पांढरं पान आलं, त्यावर इंग्रजीत दोन ओळी आणि दोन रिकामे चौकोन. बबनरावांनी ते बंद केलं आणि वर पाहिलं. ‘‘झालं.’’

मॅडमनी तेच पान पुन्हा उघडलं.

‘‘बबनराव, रोज हेच पान येतं?’’

‘‘व्हय. असंच पांढरं.’’

‘‘आणि पहिल्यापासून?’’

‘‘आधी बी पांढरंच यायचं. त्यावर बी विंग्रजीच हुतं.’’

आधी यायचं ते पान ‘नोंद झाली, धन्यवाद’ असं सांगणारं होतं. आता येत होतं ते ‘तुम्ही कोण ते सांगा’ असं विचारणारं. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही पांढरी. बबनराव महिनाभर रोज टाकी उतरून येत होते, बटण दाबत होते, आणि ते कॉम्प्युटरच्या लेखी कुणीच नव्हते.

मॅडमनी त्यांना समजेल असं सांगितलं. ‘‘देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला देतात ना? तसं आहे. पासवर्ड घातला की ते पान आपल्या कॉम्प्युटरकडे एक बिल्ला देतं. त्याला कुकी म्हणतात. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर तो बिल्ला दाखवतो, की हे बबनराव. इथं बिल्लाच सापडत नाही त्याला.’’

बबनराव म्हणाले, ‘‘मग माजा बिल्ला नेतुय कोण?’’

‘‘तेच शोधायचंय.’’

शुक्रवार सगळा त्यात गेला. मॅडमनी पासवर्ड घातला, चौकोनात खूण केली. ब्राउझर बंद करून उघडला, बिल्ला जागेवर. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, जागेवर. कुकी ठेवायची परवानगी आहे का पाहिलं, होती. तारीख चुकली असेल तर कुकी आल्या आल्याच शिळी ठरते म्हणे. तारीख बरोबर होती. डिस्कवर जागा होती. एकेक गोष्ट तपासून कॅलेंडरच्या पाठीवर लिहून त्यापुढे रेघ मारत होत्या. संध्याकाळी सगळं ठीक होतं.

शनिवारी दहाला येऊन बघतात, तर बिल्ला नाही.

दुपारी त्या ग्रंथालयात आल्या आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. ‘‘संध्याकाळी असतो, सकाळी नसतो. मी दिवसभर त्याच्यापुढं बसते, आणि तो मी नसताना जातो.’’ मग म्हणाल्या, ‘‘वैशाली, उद्या सुट्टी आहे. पण येशील का? दुसरे डोळे लागतील.’’

रविवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघी आलो. शनिवारी पुन्हा पासवर्ड घालून ठेवला होता. आठाला मॅडमनी कॉम्प्युटर चालू केला आणि कुक्या साठवतात तो फोल्डर उघडून ठेवला. त्यात बारीक बारीक फाईलींची एक रांग दिसत होती. बबनरावांचा बिल्ला त्यातला तिसरा. मॅडमनी कशालाही हात लावला नाही. आम्ही बघत बसलो. बबनराव टाकीवरून उतरून आले आणि तेही दारात उभे राहिले. साडेआठ झाले. पावणेनऊ. काही घडत नव्हतं. माझं लक्ष उडालं, बाहेर कुणीतरी बादली आपटली तिकडे मी पाहिलं.

‘‘गेलं,’’ मॅडम म्हणाल्या.

मी वळले. फोल्डर रिकामा होता. नऊ वाजले होते. पडद्यावर एक काळी चौकट लकाकून गेली, डोळ्याचं पातं लवावं इतकीच, असं त्या म्हणाल्या. मला ती दिसली नाही, पण बबनरावांना दिसली. ‘‘काळं काय तरी फडाकलं बगा.’’

नऊ वाजता काय चालतं, ते शोधायला मॅडमना पाच मिनिटंही लागली नाहीत. ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी त्यांनी उघडली. त्यात एकच काम होतं, रोज सकाळी नऊला. त्याची फाईल उघडली. सात-आठ ओळींची फाईल. पहिल्या ओळीत नाव होतं, अलका वाघमोडे. पुढे दीड वर्षापूर्वीची तारीख.

मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

ती फाईल कशी जन्माला आली ते मला ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी प्रशिक्षणाला खानदेशातली एक मुलगी होती. कॉम्प्युटरच्या वर्गात ती आपली मेल उघडी ठेवून गेली. तिच्या मागून तिथे बसलेल्या पोराने तिची पत्रं वाचली आणि मेसमध्ये सगळ्यांपुढे मोठ्याने म्हणून दाखवली. त्यात तिच्या घरचं काय काय होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली, परत आली नाही. त्या पोराला समज देऊन सोडून दिलं. मॅडमना कुणी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून ही फाईल लिहून वर्गातल्या सगळ्या कॉम्प्युटरांत घातली. रोज वर्ग भरायच्या आधी आदल्या दिवशीच्या खुणा, म्हणजे हेच बिल्ले, पुसले जावेत, पुन्हा कुठली मुलगी अशी जाऊ नये, म्हणून.

ऑगस्टमध्ये वसतिगृहाचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा मॅडम रजेवर होत्या. बाहेरून बोलावलेल्या माणसाने मॅडमनी वर्गाच्या कॉम्प्युटरांसाठी केलेली तयार सीडी घालून तो पुन्हा उभा केला आणि ऑफिसात विचारून बबनरावांचं नाव आणि पासवर्डही पुन्हा घालून दिला. सीडीबरोबर ती फाईलही आली.

‘‘म्हंजे मी सुटलो का?’’ बबनरावांनी विचारलं.

मॅडमनी चष्मा लावला. ‘‘बबनराव, ह्यावरनं एवढंच कळतं की तुम्ही बटण दाबलं तरी नोंद होत नव्हती. तुम्ही टाकीवर गेलात की नाही, ते कॉम्प्युटरला माहीत नाही. मलाही नाही. रोज गेलात?’’

बबनराव खाली बघून म्हणाले, ‘‘दोन दिस न्हाई गेलो. पुतणीचं लगीन हुतं. कुणाला सांगितलं न्हाई. बाकी रोज गेलो, आईच्यान.’’

‘‘मग समितीपुढं तेच सांगा. मी माझं सांगते.’’

सोमवारी सकाळी देसाई साहेबांनी मॅडमचा अहवाल वाचला. एक पान होतं. त्यात लिहिलं होतं की सदर फाईल मी स्वतः लिहिली, सीडीतून ती काढून ठेवायला हवी होती, ती मी काढली नाही, त्यामुळे बबनरावांच्या नोंदी झाल्या नाहीत. साहेबांनी दार लोटून घेतलं. मी साक्षीला म्हणून आत होते.

‘‘मॅडम, हे एवढं कशाला? ‘तांत्रिक बिघाड’ म्हणा. दोन शब्दांत संपतंय.’’

‘‘बिघाड नव्हता, साहेब. सांगितलेलं काम ते रोज वेळेवर करत होतं.’’

‘‘तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. हा कागद फाईलला लागला, तर वरचे लोक काय म्हणतील? मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.’’ हे ते खरंच कळवळून बोलत होते.

‘‘कळतंय मला.’’ मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. ‘‘पण तांत्रिक बिघाड म्हटलं, तर उद्या पुन्हा कुणीतरी तीच सीडी घालेल. आणि बबनरावांच्या नावावरचा संशय कायम राहील. सही करते, घ्या.’’

बबनरावांची नोकरी राहिली. दोन दिवसांच्या गैरहजेरीबद्दल ताकीद मिळाली आणि टाक्यांवरून काढून त्यांना बागेत टाकलं. ते मॅडमवर रुसले. जिन्यात गाठून म्हणाले, ‘‘तुमी म्हनाला म्हनून खरं बोललो. न्हाई बोललो आस्तो, तर टाकी राहिली आस्ती माजी.’’

मॅडम एका पायरीवर थांबल्या, कठडा धरून. ‘‘होय की,’’ म्हणाल्या, ‘‘राहिली असती.’’ आणि खाली उतरत गेल्या. मला बबनरावांचा फार राग आला होता. मॅडमना आला नसावा. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

पाण्याच्या नमुन्यांचं काय निघालं, ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. मुलं हळूहळू बरी होऊन परत आली.

पुढच्या महिन्यात मॅडमना नवा कागद मिळाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्या एकेका इमारतीत जाऊन प्रत्येक कॉम्प्युटर तपासत होत्या. वसतिगृहाच्या ऑफिसातल्या पडद्याखाली त्यांनी मराठीत एक चिठ्ठी चिकटवली. हिरवं बटण दाबल्यावर दोन रिकामे चौकोन दिसले, तर नोंद झालेली नाही, लगेच ऑफिसात सांगा. खाली नाव आणि तारीख. निरोपसमारंभ झाला नाही. मी पौडच्या स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या हातात कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. ‘‘हे इथं ठेवून कोण वाचणार?’’ म्हणाल्या.

त्यानंतर फोन झाले दोन-तीन, मग तेही थांबले. नंबर बदलला असावा. पिरंगुटच्या त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं.

अडीच-तीन वर्षांनी एकदा संध्याकाळच्या एसटीत त्या मला दिसल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोवर मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या, लवासाहून परतणाऱ्या गाड्यांची रांग होती, आमची बस मुंगीच्या पावलाने चालली होती. मी मागच्या दाराशी उभी होते. पुढे खिडकीशी मॅडम बसलेल्या. केस बरेच पांढरे झाले होते. गळ्यात कुठल्या तरी नव्या ऑफिसचं ओळखपत्र होतं, त्यावरचं नाव मला लांबून वाचता येईना. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्यापर्यंत पोचले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. डोकं खिडकीच्या गजाला लागलेलं, दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर, चष्मा नाकावरून घसरलेला.

कंडक्टर थांबे पुकारत होता. पिरंगुट गेलं, भूगाव आलं. प्रत्येक थांब्याला मला वाटत होतं, यांना उठवावं. पण त्या आता कुठे उतरतात, हे मला ठाऊक नव्हतं. माझा थांबा आला. शेजारच्या बाईंना मी म्हटलं, ‘‘यांचं ठिकाण आलं, तर जागं करा हं.’’

‘‘कुठलं ठिकाण?’’ बाईंनी विचारलं.

मागून लोक ढकलत होते. मी उतरले. बस सुटली, आणि धुळकट काचेमागे मॅडमचं कलतं डोकं गजावर हलत हलत पुढे गेलं.